दादाला चढवलेलं रक्त

१

गुन्हा घडला की माणसं हात झटकतात, ही जगाची रीत. पण अपघात विभागात आणलेला एक सुतार गेला आणि सगळं उलटंच घडायला लागलं. मृतदेह ताब्यात मिळण्याआधीच माणसं आपण होऊन कबुलीजबाब द्यायला येऊ लागली.

ज्यांच्या खोलीत ती येत होती, त्या होत्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक. रुग्णालयात कुठे, कुणाला आणि कशाने संसर्ग झाला, हे शोधून काढण्याची जबाबदारीही त्यांच्याचकडे होती. विद्यार्थी त्यांना तोंडावर ‘बाई’ म्हणत आणि पाठीमागे ‘जंतूबाई’. पाठीमागचं नाव त्यांच्या कानावर आलं होतं आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचं.

सुताराला ट्रकने उडवलं होतं. प्लीहा फाटली होती, मांडीचं हाड मोडलं होतं, अंगातलं निम्मं रक्त रस्त्यावर सांडलं होतं. तरी तो टेबलावर वाचला. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर येऊन बायकोशी बोललासुद्धा. मग अंगात थंडी भरली, ताप चढला, रक्तदाब घसरत गेला आणि औषधं लागू पडण्याआधीच माणूस हातचा गेला. त्याच्या रक्तात जंतू सापडला होता. बाईंनी प्रयोगशाळेतली बशी उघडली तेव्हा पिकलेल्या द्राक्षांसारखा गोडसर वास आला. हा वास त्या पुरेपूर ओळखत होत्या. हा जंतू ओलीत राहतो. नळाच्या तोंडाशी, मोरीत, साचलेल्या पाण्यात.

त्या बशीवर झाकण ठेवत होत्या तोच दारात एक तरुण येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

“रक्ताचं तुम्हीच बघता ना?”

“जंतूंचं बघते. बस.”

“बसायला नाही आलो. सांगायला आलोय.” त्याने चौकट घट्ट धरली होती. “दादाला मी मारलं.”

बाईंनी खुर्ची पुढे सरकवली. तो बसला नाही.

“माझं पोट बिघडलं होतं. जुलाब होत होते. रक्त देताना त्यांनी विचारलं होतं, काही होतंय का म्हणून. मी म्हटलं, ठणठणीत आहे.”

“का?”

“का म्हणजे? दादा आत पडलेला आणि मी पोटाचं रडगाणं गाऊ? वहिनी म्हणत होती, ‘भावजी, तुम्ही नका देऊ, तुमचा चेहरा बघा.’ मी तिच्यावरच ओरडलो.” त्याने बाहीने तोंड पुसलं. “आता ती माझ्याकडे बघतही नाही. काल आईने विचारलं, त्याला कुणाचं रक्त दिलं? वहिनी म्हणाली, भावजींचं. भावजींच्याच रक्तानं गेले. सगळ्यांसमोर म्हणाली.”

“आणि तू काय म्हणालास?”

“काय म्हणणार? खरंच आहे ते. तुम्ही फक्त तसं लिहून द्या. म्हणजे माझं मी बघतो. त्या घरात तर मला राहता येणारच नाही.”

बाई काही बोलणार तेवढ्यात फोन वाजला. अधीक्षक होते. “तो भाऊ कबूल करतोय म्हणे? मग झालं की. दात्याने आजार लपवला, असा अहवाल द्या आणि विषय संपवा. आपल्या कुणावर काही यायला नको.”

“अजून तपासलं नाही, सर.”

“माणूस स्वतः सांगतोय, आणखी काय तपासणार?”

बाईंनी फोन ठेवला तेव्हा दार रिकामं होतं. बाहेर डोकावून पाहिलं, तर तरुण तिथेही नव्हता. त्याच्या जागी रक्तपेढीतला तंत्रज्ञ भिंतीला टेकून उभा होता. नेहमी दोन विनोद केल्याशिवाय न बोलणारा हा माणूस आज टोपी हातात धरून उभा होता.

“बाई, तो पोरगा काय म्हणत होता ते मी ऐकलं,” तो हळू आवाजात म्हणाला. “त्याचं रक्त त्याच्या भावाला गेलेलंच नाही. गेलं ते माझं पाप.”

२

“नीट सांगा,” बाई म्हणाल्या.

“त्या पोराची पिशवी अजून माझ्या फ्रिजमध्ये आहे. तपासण्या झाल्याशिवाय मी कुणाचं रक्त बाहेर सोडतो का? नातेवाइकांना वाटतं, इकडून काढलं की तिकडे चढलं. आपण एकाच्या बदल्यात दुसरं देतो, हे त्या गडबडीत त्यांना समजावत कोण बसतो?”

“मग तुमचं पाप कोणतं?”

तंत्रज्ञाने टोपी मुरगळली. “त्या दिवशी आधीच्या ऑपरेशनला नेलेली एक पिशवी न वापरता परत आली. आत्ताच नेली होती, असं म्हणाले. हाताला मात्र गार लागली नाही. नियमाने फेकायला हवी होती. पण बाई, तो रक्तगट म्हणजे आमच्याकडे उंबराचं फूल. मी ठेवून दिली. आणि सुताराला तीच गेली.”

“त्या पिशवीच्या नळीचे तुकडे असतील ना?”

“आहेत की. प्रत्येक पिशवीचे सीलबंद तुकडे आठवडाभर ठेवतो.”

“सुताराला दिलेल्या सगळ्या पिशव्यांचे तुकडे मला द्या. आणि रिकाम्या झालेल्या पिशव्याही.”

“त्याही आहेत. पण बाई,” तो जाता जाता थांबला, “माझी नोकरी गेली तर जाऊ दे. त्या पोराला तेवढं सांगा हो कुणीतरी. तो जिन्यात भिंतीवर डोकं आपटत होता.”

बाई तशाच बाहेर धावल्या. जिन्यात कुणी नव्हतं. फाटकापर्यंत गेल्या. मृतदेहाची गाडी निघून गेली होती. दिलेल्या नंबरावर फोन केला, तर तो बंद. घराचा पत्ता पाहिला. गाव लांब होतं. सुताराची बायको मृत्यूच्या कागदांसाठी परत येणार होती. तोवर तो पोरगा कुठे असेल आणि काय करून बसेल, या विचाराने त्यांनी तोच नंबर पुन्हा पुन्हा लावून पाहिला. समोर उभा होता तेव्हाच दोन वाक्यं धीराची बोलायला काय जात होतं, असं त्यांनी स्वतःलाच सुनावलं.

तंत्रज्ञाने आणलेले नमुने त्यांनी पेरले. जंतू वाढायला वेळ लागतो. त्याला घाई केलेली चालत नाही.

संध्याकाळी तिसरा माणूस आला. सर्जन. ऑपरेशन थिएटरात ज्याच्या आवाजाने चिमटे हातातून पडतात असा हा माणूस. पण खोलीत आला तो आवाज न करता.

“मॅडम, रक्त मी जास्त दिलं,” खाली बसत तो म्हणाला. “टेबलावर दिलं ते द्यावंच लागलं. पण रक्तस्राव थांबल्यावर वॉर्डात दोन पिशव्या आणखी चढवल्या. गरज नव्हती. आकडा थोडा कमी आला आणि माझ्या मनाला चैन पडेना, एवढंच.”

“आणि दुसऱ्याचं रक्त जितकं जास्त चढतं तितकी शरीराची राखणदारी ढिली पडते, हे तुम्हाला माहीत होतं.”

“माहीत होतं. जखमी माणसाला प्रत्येक जादा पिशवीमागे संसर्गाचा धोका वाढतो, हे मी स्वतः पोरांना शिकवतो.” तो कडवट हसला. “शिकवायला काय जातं?”

“सर, ते तुमच्या खात्यावर राहील. मी ते पुसणार नाही,” बाई म्हणाल्या. “पण जास्त रक्त दिल्याने घराचा कुत्रा झोपतो. चोर बाहेरूनच यावा लागतो. हा चोर पाण्यातला आहे. तो कुठून आला?”

सर्जन उठला आणि परत वॉर्डात गेला.

बशा उघडल्या तेव्हा उत्तराचं पहिलं टोक हाती आलं, आणि त्याने गुंता आणखी वाढवला.

३

रक्तपेढीत ठेवलेले सगळे सीलबंद तुकडे स्वच्छ होते. ज्या पिशवीसाठी तंत्रज्ञ स्वतःला शिक्षा करून घेत होता, तिचा तुकडा स्वच्छ होता आणि रिकाम्या पिशवीच्या तळाशी उरलेले थेंबही स्वच्छ होते. वॉर्डात चढवलेल्या दोन पिशव्याही तशाच निघाल्या. पण ऑपरेशनच्या टेबलावर दिलेल्या काही पिशव्यांमधून तोच वास आला. पिकलेल्या द्राक्षांचा.

बाईंनी खुर्चीला पाठ टेकली आणि आपल्या सवयीप्रमाणे मोठ्याने विचार करायला सुरुवात केली. समोर तंत्रज्ञ होता. त्याला ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

“त्याच पिशवीचा सीलबंद तुकडा स्वच्छ आणि पिशवी घाण. म्हणजे रक्त पेढीतून निघालं तेव्हा चांगलं होतं.”

“म्हणजे मी सुटलो?”

“या मृत्यूतून सुटलात. गार नसलेली पिशवी परत ठेवलीत, त्यातून नाही. पुढे ऐका. वॉर्डात दिलेलं रक्त चांगलं राहिलं. म्हणजे घाण शिरली ती पेढीचं दार आणि रुग्णाची शीर यांच्या मध्ये, आणि तीही फक्त थिएटरात.”

“थिएटरात पाणी कुठलं आलं बाई? तिथे तर औषधाला थेंब मिळत नाही.”

बाईंनी बशा बाजूला सारल्या. मग म्हणाल्या, “थंड रक्त तसंच दिलं तर जखमी माणूस गारठून जातो. ते कोमट करतात. कशात करतात?”

“त्याचं चांगलं यंत्र होतं, ते बिघडून पडलंय. आता जुना टब बाहेर काढलाय. कोमट पाण्याचा. पिशव्या त्यात टाकतात.”

बाई उठल्या, थिएटरात गेल्या आणि टबाच्या रबरी कडेवरून कापसाचा बोळा फिरवून आल्या. दुसऱ्या दिवशी त्या बोळ्यातून तोच जंतू उगवला. अधीक्षकांचा जीव भांड्यात पडला. “टब! निर्जीव वस्तू. उत्तम. टब फेकून द्या, अहवाल लिहा.”

बाईंना मात्र हे गळी उतरेना. तो टब काही महिने वापरात होता. त्यात गरम केलेलं रक्त ठरलेल्या ऑपरेशनच्या रुग्णांनाही मिळत होतं; त्याच थिएटरात, त्याच सर्जनच्या हाताखाली. त्यांच्यापैकी एकालाही हा ताप आलेला नव्हता. आणि अपघाताचे रुग्ण? बाईंना आता एकेक चेहरा आठवू लागला. या काही महिन्यांत त्यांच्यातल्या अनेकांच्या रक्तात हा जंतू सापडला होता. काही वाचले, काही गेले. प्रत्येक वेळी सगळ्यांनी एकच म्हटलं होतं, आणि बाईंनीही मान डोलावली होती: रस्त्यावर पडलेला माणूस, जखमेत माती, होणारच.

पाणी एक, टब एक, माणसं तीच. सील शाबूत असलेल्या पिशवीत पाणी आपोआप शिरत नाही. मग अपघाताच्या वेळी असं काय होत होतं, जे एरवी होत नव्हतं?

टब ज्याच्या हाताशी असायचा असा थिएटरात एकच माणूस होता. या सगळ्यात कबुली द्यायला न आलेलाही तोच एकटा होता.

४

भूलतज्ज्ञ हा बाईंचा जुना विद्यार्थी. सगळं रुग्णालय त्याला ‘झोपमास्तर’ म्हणायचं आणि तो त्यावर मनापासून हसायचा. जखमी रुग्ण सांभाळावा तर त्यानेच, असा त्याचा लौकिक होता. पांढरा पडत चाललेला माणूस त्याच्या हाती दिला की तासाभरात त्याच्या ओठांवर रंग परत यायचा.

“या बाई, या! आज आमच्या बिळात कशा?” त्याने थिएटरातलं स्टूल पुसून दिलं. “मला झोपवायला सांगू नका हं, तुमच्या तासाला मी खूप झोपलोय.”

“म्हणून तर तुला हाच विषय सुचला.”

तो खो खो हसला. बाईंनाही हसू आलं, आणि लगेच स्वतःची लाज वाटली. त्यांच्या पिशवीत निळ्या रंगाची छोटी कुपी होती.

“सुताराचं कळलं?” त्यांनी विचारलं.

“कळलं. वाईट झालं.” त्याचा आवाज खरोखर उतरला. “काय लढलो होतो त्या दिवशी! नाडी लागत नव्हती, बाई. पण इथून गेला तेव्हा माझ्याकडे बघून मान हलवली त्याने. माझ्याकडून माणूस जागा होऊनच जातो. पुढे वॉर्डात काय करतात, देव जाणे.”

“तू वॉर्डात कधी जातोस?”

“कधी जाणार? एक बाहेर पडतो तोवर दुसरा दारात.”

बाईंनी मान हलवली. “मला एक करून दाखव. मुदत संपलेल्या प्लाझ्माच्या या पिशव्या आणल्यात. अपघाताचा रुग्ण टेबलावर आलाय, रक्त हवंय, असं समज. नेहमी करतोस तसंच कर. काही सुधारू नकोस.”

“परीक्षा का?” त्याने हातमोजे चढवले. “घ्या.”

तो हातमोजे चढवत असताना बाईंनी कुपी अजून तिथेच असलेल्या टबात रिकामी केली. पाणी निळं झालं. “पाणी कुठवर पोचतं ते बघायचंय,” त्या म्हणाल्या.

त्याचे हात पाहण्यासारखे होते. एकही हालचाल वाया जात नव्हती. पिशवीच्या खालच्या बाजूला जिथे नळी जोडतात, त्या तोंडावर प्लास्टिकची एक पातळ पाकळी चिकटवलेली असते. नळीची टोकदार सुई तिथून आत घालायची. त्याने सगळ्या पिशव्यांच्या पाकळ्या सरसर सोलल्या, पिशव्या टबात सोडल्या आणि नळी हातात घेऊन उभा राहिला. पिशव्या पाण्यात डुलल्या, कलंडल्या, तोंडं खाली गेली.

“पाकळी आत्ताच का सोललीस?”

“हीच तर युक्ती आहे, बाई! ओल्या मोज्यातून ती निसटते. एकेक सोलायला जितका वेळ लागतो तितक्यात माणूस जातो. म्हणून मी सगळ्या आधीच मोकळ्या करून ठेवतो. मुलांनाही तेच शिकवलंय. ठरलेल्या ऑपरेशनला वेळ असतो, तेव्हा टांगताना सोलतो.”

“आणि पाणी आत गेलं तर?”

“कसं जाईल? पाकळीच्या आत अजून एक पडदा असतो. तो शाबूत आहे ना. सुई घुसते तेव्हाच फाटतो. रक्ताला काहीच शिवत नाही.”

“घाल सुई.”

त्याने पिशवी उचलली, झटकली, टांगली आणि सुई घातली.

पिवळ्या प्लाझ्मात एक बारीक हिरवी रेघ उमटली आणि धुरासारखी वर चढत गेली.

५

बराच वेळ दोघंही त्या रेघेकडे पाहत राहिले. ती पसरली, विरली आणि सगळी पिशवी हिरवट दिसू लागली.

“पडदा शाबूतच होता,” बाई हळूच म्हणाल्या. “पाणी त्याच्या बाहेर, त्या छोट्या नळकांडीत साचलं. तू झटकलीस, तरी थेंब राहिला. सुईने तो थेंब आत ढकलला.”

झोपमास्तरने दुसरी पिशवी घेतली. सुई घातली. हिरवी रेघ. तिसरी घेतली. चौथीकडे हात नेला.

“पुरे,” बाई म्हणाल्या.

“टेबलावर तर काहीच दिसलं नाही मला.”

“टबाच्या कडेवर तोच जंतू मिळालाय. आत थोडेसेच गेले. त्यांना वाढायला वेळ लागला. त्यात रक्त इतकं चढलेलं की शरीराला झुंजायचं बळ नाही. तोवर रुग्ण तुझ्याकडून निघून गेलेला असायचा.”

तो स्टुलावर बसला. “किती जण, बाई?”

“ते शोधावं लागेल. तुला आणि मला, दोघांनाही. ते जंतू माझ्याच बशीत उगवत होते आणि मी रस्त्यावरच्या मातीला दोष देत होते.”

त्याने हातमोजे काढायचा प्रयत्न केला, ते निघेनात. एकदम मान वर करून म्हणाला, “टब खराबच होता ना? टबच लिहा ना, बाई. खोटं तर नाही ते.”

खोटं नव्हतं, हीच अडचण होती. अधीक्षकांना टब हवा होता, सर्जनला चालला असता, रुग्णालयाची अब्रूही राहिली असती. समोर बसलेल्या या माणसाने जितक्यांचा घात केला असेल त्याच्या कितीतरी पट जीव वाचवले होते. एक शब्द गाळला की सगळ्यांची रात्रीची झोप शाबूत राहणार होती. बाईंना क्षणभर तो मोह झाला, हे त्यांनी स्वतःपाशी नाकारलं नाही.

“टब लिहिला तर नवा टब येईल,” त्या म्हणाल्या. “आणि तुझी शिकवलेली मुलं पाकळ्या आधीच सोलत राहतील.”

“हो,” तो म्हणाला. आणि मग, स्वतःच्याच आवाजाची शरम वाटल्यासारखा, “हो. मी कसं बोललो ते?”

“शिवाय एक मुलगा आहे. सुताराचा धाकटा भाऊ. त्याला वाटतंय की भाऊ आपल्या रक्ताने गेला. घरच्यांनाही तेच वाटतंय. तो घर सोडायला निघालाय. कदाचित त्याहून वाईट काहीतरी करेल. माझा फोन त्याला लागत नाही.”

“त्याला तुम्ही सांगा. तुम्हाला बोलता येतं.”

“त्याचं रक्त वापरलंच नाही, हे मी सांगेन. तेवढं माझं काम. पण मग तो विचारेल, तर कशानं गेला? तेव्हा काय सांगू? टब?”

दारावर थाप पडली. तंत्रज्ञाने डोकं आत घातलं. “बाई, ते आलेत. कागदांसाठी. त्याची वहिनी आहे आणि तो पोरगाही आहे बरोबर. वहिनीच त्याला ओढून घेऊन आलीय म्हणतात. स्टँडवर सापडला, पिशवी भरून निघालेला.”

बाई उठल्या. झोपमास्तर जागचा हलला नाही. त्यांनी त्याला हाक मारली नाही. त्या दारापर्यंत गेल्या तेव्हा मागे स्टूल सरकल्याचा आवाज आला.

६

वहिनी खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती. धाकटा कोपऱ्यात भिंतीला चिकटून उभा होता. पायाशी कपड्यांची पिशवी. दोघांच्या मध्ये एक खुर्ची रिकामी होती.

“कागद द्या,” वहिनी म्हणाली. “आणि भावजींनी सांगितलंय म्हणे तुम्हाला. तेही लिहा त्यात. घरी सासूबाई तासातासाला विचारतात. काहीतरी सांगायला हवं ना.”

“तेच सांगायचंय,” बाई म्हणाल्या. त्या धाकट्याकडे वळल्या. “तू दिलेलं रक्त तुझ्या दादाला चढवलेलं नाही.”

त्याने ऐकलं, पण त्याला ते कळल्यासारखं दिसलं नाही.

“ते पेढीत पडून आहे. तपासून झाल्याशिवाय कुणालाच देत नाहीत. दादाला दिलं ते आधीच तपासून ठेवलेलं, दुसऱ्या लोकांचं. तुझ्या पोटाचा आणि त्याच्या तापाचा काही संबंध नाही. मी स्वतः तपासलंय.”

वहिनीचा हात तोंडाकडे गेला.

“गेलंच नाही?” धाकट्याने विचारलं.

“नाही.”

“एक थेंबसुद्धा?”

“एक थेंबसुद्धा नाही.”

बाईंना वाटलं होतं, त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरेल. तो तर खाली बसून लहान पोरासारखा रडायला लागला. “मला वाटायचं, विष का होईना, माझं काहीतरी त्याच्या अंगात होतं,” तो हुंदक्यांतून म्हणाला. “शेवटी मी त्याच्याबरोबर होतो असं तरी वाटायचं. आता काय राहिलं? त्याने मला काय काय दिलं, आणि मी एवढंसं दिलं, तेही पोचलं नाही.”

बाई त्याच्याजवळ जाऊन नुसत्या उभ्या राहिल्या.

“मग कशानं गेले ते?” वहिनीने विचारलं. प्रश्न बाईंना होता. पण दारात हिरव्या कपड्यांतला माणूस येऊन उभा होता, आणि त्यानेच तोंड उघडलं.

“माझ्या हातून,” झोपमास्तर म्हणाला.

त्याने सगळं सांगितलं. टब, पाकळी, थेंब. अवघड शब्द वापरले नाहीत. “मला वाटत होतं,” किंवा “त्या गडबडीत,” असं एकदाही म्हटलं नाही. सांगून झाल्यावरही उभाच राहिला.

“घाई केली नसती तर वाचले असते?” वहिनीने विचारलं.

“घाई करावीच लागली. नाहीतर टेबलावरच गेले असते. पण ती पाकळी मी आधी सोलायला नको होती. ती सोलली नसती तर बहुतेक आज ते घरी जायच्या गोष्टी करत असते.”

“बोलले होते ते माझ्याशी,” ती म्हणाली. “एक संध्याकाळ बोलले. ती तुम्हीच दिलीत म्हणायची. आणि पुढचं सगळं नेलंतही तुम्हीच.” तिने डोळे पुसले नाहीत. “मी तुम्हाला माफ वगैरे करणार नाही, डॉक्टर.”

“मी ते मागायला आलो नाही.”

“मग कशाला आलात?”

“त्याला माझ्या तोंडून कळावं म्हणून,” त्याने खाली बसलेल्या धाकट्याकडे पाहिलं.

वहिनी उठली, रिकाम्या खुर्चीला वळसा घालून दिरापाशी गेली आणि त्याची कपड्यांची पिशवी उचलून आपल्या खांद्याला लावली.

“मी त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलले, भावजी,” ती म्हणाली. “आता घरी जाऊन मी ते परत घेतलं तर सासूबाईंना वाटेल, तुमची दया आली म्हणून सारवासारव करतेय. माझ्या शब्दाला आता किंमत नाही.” ती झोपमास्तरकडे वळली. “तुम्ही चला आमच्याबरोबर. इथे सांगितलंत तसंच त्यांना सांगा. शब्द न् शब्द.”

“वहिनी, नको,” धाकटा घाबरून उठला. “आई यांना काहीबाही बोलेल. तू तिला ओळखतेस. ती तोंडाला येईल ते बोलेल.”

झोपमास्तरने डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली. “येतो,” तो म्हणाला.

“बोलू देत त्यांना,” दिराला दाराबाहेर काढत वहिनी म्हणाली. “मुलगा गेलाय त्यांचा. कुणाला तरी बोलणारच आहेत. ते तुम्ही नाही, एवढंच त्यांना कळायला हवं.”